कंपनीला विद्यापीठासोबत संशोधन करायचंय? पहिल्या ईमेलपासून शॉपफ्लोअरच्या ट्रायलपर्यंत

ज्या लघु-मध्यम कंपन्यांचा विद्यापीठाशी संबंध आजवर कॅम्पस मुलाखती आणि टेस्ट रिपोर्टपुरताच आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मोठ्या कंपन्यांकडे कायदा विभाग असतो, पेटंटवाले असतात. तुमच्याकडे बहुधा एक क्वालिटी मॅनेजर, एक सीए आणि वेळेची टंचाई असेल. प्राध्यापकांनीही वाचायला हरकत नाही, कारण करारावरचे बरेचसे वाद समोरच्याची अडचण माहीत नसल्यामुळे होतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. ग्रे आयर्नचं (बिडाचं) ओतकाम, कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) कोल्ड बॉक्स पद्धतीचे, म्हणजे वाळूत रेझिन मिसळून अमाइन गॅसने, न तापवता कडक केलेले. वापरलेली वाळू फेकण्याचा आणि नवी वाळू आणण्याचा खर्च मालकाला जड जातो आहे. वापरलेली वाळू रिक्लेम, म्हणजे साफ, करून कोअरमध्येच परत घालता येईल का, हा त्यांचा प्रश्न आहे.

१. आधी ठरवा: संशोधन हवंय की फक्त उत्तर?

विद्यापीठाकडून चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि चारही ‘कोलॅबोरेशन’ म्हणूनच ओळखल्या जातात.

चाचणी हवी असेल तर नमुना द्या, फी भरा, रिपोर्ट घ्या. आयआयटी मुंबई आणि शिवाजी विद्यापीठ इथल्या ‘सैफ’ या सामाईक उपकरण केंद्रांमध्ये महागडी विश्लेषण उपकरणं बाहेरच्यांनाही वापरायला मिळतात. देशभरात कुठलं उपकरण कुठे आहे, हे केंद्र सरकारच्या ‘आय-स्टेम’ पोर्टलवर शोधता येतं. एवढ्यासाठी करार लागत नाही.

सल्ला, म्हणजे कन्सल्टन्सी, तेव्हा घ्यावी जेव्हा उत्तर जगाला ठाऊक आहे पण तुम्हाला नाही. ब्लोहोल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणारी छिद्रं) येत आहेत आणि मोल्डच्या वाळूत ओलावा जास्त आहे, तर हे संशोधन नाही. जाणकार माणूस दोन भेटींत सांगेल.

प्रायोजित संशोधन तेव्हाच, जेव्हा उत्तर कुणाकडेच तयार नाही. वर्ष-दीड वर्ष, एक पूर्णवेळ संशोधन सहायक आणि ‘जमलं नाही’ हेही उत्तर असू शकतं याची तयारी, असं त्याचं स्वरूप असतं.

चौथा प्रकार विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा. एमटेकचा प्रकल्प स्वस्तात होतो, पण विद्यार्थी वर्षभरात पदवी घेऊन निघून जातो. पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात आणि तिचा वेग तुमच्या डिलिव्हरी शेड्यूलवर ठरत नाही. पुढच्या तिमाहीत उत्तर हवं असलेला प्रश्न पीएचडीला देऊ नका.

आणखी एक कागद तुमच्यासमोर येईल तो सामंजस्य कराराचा, म्हणजे एमओयूचा. शाल-श्रीफळ, फोटो, स्थानिक पेपरात बातमी. त्यात सहसा पैसे, मुदत, काम यांपैकी काहीच बांधलेलं नसतं. तो करू नका असं नाही, पण त्याला प्रकल्प समजू नका.

२. प्रश्न एका पानावर लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘आम्हाला वाळू रिसायकलिंगवर संशोधन करायचं आहे’ एवढंच घेऊन गेलात तर प्राध्यापक स्वतःच्या आवडीचा प्रश्न त्यात भरतील. त्यात त्यांचा दोष नाही. मोकळी जागा तुम्हीच ठेवलेली असते.

आपल्या फाउंड्रीचं पान साधारण असं व्हावं:

- आज काय चालतं: कोअरसाठी १०० टक्के नवी वाळू, रेझिन किती टक्के, अमाइन गॅस किती सेकंद.
- काय करून पाहिलं: ३० टक्के रिक्लेम्ड वाळू मिसळल्यावर कोअरची टेन्साइल ताकद घटली, मिश्रण लवकर आवळायला लागलं, ब्लोहोलचं रिजेक्शन वाढलं. तिन्हींचे आकडे तारखांसह.
- कारण काय वाटतं: ग्रीन सँडमधलं (मोल्डच्या ओलसर वाळूतलं) बेंटोनाइट, म्हणजे चिकणमाती, आणि कोळशाची भुकटी कणांना चिकटून राहिली असावी. त्याने वाळूची अॅसिड डिमांड व्हॅल्यू (वाळूतल्या अल्कलीचं माप) आणि लॉस ऑन इग्निशन (तापवल्यावर जळून जाणाऱ्या भागाचं माप) वाढतात. पहिल्याने रेझिनचं गणित बिघडतं, दुसऱ्याने वायू वाढतो.
- काय हवंय: रिजेक्शन आजच्या पातळीपेक्षा न वाढता जास्तीत जास्त किती टक्के रिक्लेम्ड वाळू चालेल आणि त्यासाठी ती किती साफ करावी लागेल.
- काय चालणार नाही: रेझिनचा पुरवठादार बदलायचा नाही, प्रति टन प्रक्रियेचा खर्च अमुक रुपयांच्या वर नको.

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि ती नसल्यामुळेच तांत्रिकदृष्ट्या सुंदर पण परवडत नाही असं उत्तर हाती येतं. खर्चाची मर्यादा सांगायला लाजू नका.

इथेच टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान किती पिकलं आहे याची १ ते ९ ची मोजपट्टी, समजून घ्या. विद्यापीठाचं काम बहुधा ३-४ वर थांबतं: प्रयोगशाळेत तत्त्व सिद्ध झालं, नमुना चालला. तुमच्या लाइनवर रोज तीन शिफ्टमध्ये चालणारी गोष्ट ८-९ वर असते. मधला पल्ला कोण गाठणार आणि कुणाच्या पैशाने, हे त्याच पानावर लिहा. प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘आम्हीच’ असं असतं.

३. संस्थेचं नाव नको, माणूस शोधा

मोठ्या संस्थेतला तुमच्या विषयात नसलेला प्राध्यापक आणि जिल्ह्यातल्या कॉलेजमधला वीस वर्षं वाळूवरच काम केलेला प्राध्यापक यांत दुसरा निवडा. गूगल स्कॉलरवर त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर पाहा. पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत शोधसुविधेत त्यांच्या नावाने अर्ज आहेत का, तेही पाहा. पेपर भरपूर पण एकाही उद्योगासोबत काम नाही, असं असेल तर छोट्या कन्सल्टन्सीपासून सुरुवात करा.

क्षेत्रानुसार दारं वेगळी आहेत. रसायन, रंग, औषधं, पॉलिमर यांसाठी माटुंग्याची आयसीटी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. वाहनांसाठी एआरएआय ही संशोधन संस्था. साखर आणि इथेनॉलसाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सहकारी कारखान्यांनी १९७५ मध्ये एकत्र येऊन ती उभी केली. एकट्या कारखान्याला न परवडणारं संशोधन सगळ्यांनी मिळून कसं करायचं, याचा आपल्याकडचा तो चांगला नमुना आहे. शेतीमालासाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली कृषी विद्यापीठं. गोव्यात समुद्राशी संबंधित काही असेल तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आयआयटी मुंबईत उद्योगांसोबतच्या कामाचा कारभार आयआरसीसी पाहते. इतर ठिकाणी ‘डीन, संशोधन व विकास’ असं पद शोधा.

पहिला ईमेल प्राध्यापकांना करा, प्रत डीनच्या कार्यालयाला. गुपित नसलेला अर्ध्या पानाचा सारांश जोडा. ‘सर, आपल्याशी सहकार्य करायची इच्छा आहे’ एवढाच मजकूर असलेल्या ईमेलला उत्तर येत नाही. परीक्षा आणि पेपर तपासणीचे महिने, म्हणजे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, टाळा.

४. तपशील सांगण्याआधी एनडीए

दोन पानी, दोन्ही बाजूंना बांधणारा एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, पुरतो. संस्थेकडे स्वतःचा मसुदा असेल तर तोच वापरा. तुमचा मसुदा पाठवलात तर तो त्यांच्या विधी सल्लागाराकडे महिनाभर पडून राहील.

सही कुणाची, हे नीट पाहा. ‘धातुशास्त्र विभाग’ ही कायद्याने व्यक्ती नाही आणि विभागप्रमुखांच्या सहीने विद्यापीठ बांधलं जाईलच असं नाही. कुलसचिव, डीन किंवा संस्थेने अधिकार दिलेली व्यक्ती सही करते. संलग्न खासगी कॉलेज असेल तर पक्षकार कॉलेज आहे की ते चालवणारा ट्रस्ट, हे विचारून घ्या.

‘संस्थेला मधे कशाला आणता, मी वैयक्तिक करून देतो’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. संस्थेची उपकरणं, विद्यार्थी आणि वेळ वापरून झालेल्या शोधावर संस्था नंतर हक्क सांगू शकते. तुमच्याजवळ मात्र दाखवायला एक बिल उरेल.

५. बजेट

मुख्य खर्च माणसाचा. जेआरएफचा (ज्युनिअर रिसर्च फेलोचा) केंद्र सरकारचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता असा आहे. प्रायोजित प्रकल्पांतही सहसा याच्या आसपास धरतात. आपल्या उदाहरणात एका वर्षाचा हिशेब असा होईल:

- संशोधन सहायक: ४,४४,००० रुपये आणि २० टक्के घरभाडे धरून सुमारे ५,३३,०००
- वाळू, रेझिन, रसायनं, साचे: १,५०,०००
- बाहेरच्या चाचण्या: १,५०,०००
- प्रवास: ४०,०००
- किरकोळ: २७,०००

एकूण ९ लाख. यावर संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे व्यवस्थापनाचा आकार, येतो. त्याचा दर संस्थेच्या नियमांत ठरलेला असतो. समजा २० टक्के, म्हणजे १,८०,०००. झाले १०,८०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर १,९४,४०० आणखी. शेवटचा आकडा १२,७४,४००. ‘नऊ लाखांचा प्रकल्प’ ऐकून होकार देणारे मालक इथे चिडतात, म्हणून पहिल्या बैठकीतच ‘सगळं धरून किती?’ असं विचारा.

उपकरण विकत घ्यायचं असेल तर दोनदा विचार करा. सरकारी संस्थेतली खरेदी निविदा किंवा जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून होते आणि तिला महिने लागतात. तुम्ही स्वतः विकत घेऊन लेखी अटीवर वापरायला दिलंत, तर वेळही वाचतो आणि मालकीही तुमच्याकडे राहते.

सरकारी पैशाबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारचं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड देतं ते मुख्यतः कर्ज असतं. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) निधीही टीआरएल ४ आणि त्यापुढच्या कामांना प्रामुख्याने कमी व्याजाचं, दीर्घ मुदतीचं कर्ज देण्यासाठी आहे. ‘अनुदान मिळेल’ या भरवशावर वेळापत्रक आखू नका. सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसा सरकारी विद्यापीठाच्या संशोधनाला देता येतो, पण तुमच्याच धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी तो वापरता येत नाही. सीएसआरमधून पैसे देऊन पेटंट स्वतःच्या नावावर मागणं ऑडिटमध्ये अंगाशी येईल.

६. करार: इथे घाई नको

महाराष्ट्रात करारासाठी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक धरून चाला; कुठल्या कलमाखाली किती, ते वकिलाला विचारा. खरी डोकेदुखी पुढच्या मुद्द्यांची आहे.

*आधीपासूनचं ज्ञान.* तुमची रेझिनची रेसिपी तुमची, त्यांची साफसफाईची पद्धत त्यांची. दोन्हींची यादी परिशिष्टात जोडा. ही यादी नसेल तर दोन वर्षांनी ‘हे आम्हाला आधीच माहीत होतं’ यावर भांडण होतं.

*नव्या शोधाची मालकी.* ‘संयुक्त मालकी’ ऐकायला न्याय्य वाटते, म्हणून दोन्ही बाजू पटकन मान हलवतात. पेटंट कायद्याचं कलम ५० वाचा. करारात वेगळं काही नसेल तर सहमालकांपैकी प्रत्येकाला पेटंट स्वतः वापरता येतं आणि त्यातल्या नफ्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. तिसऱ्याला परवाना देताना किंवा आपला हिस्सा विकताना मात्र दुसऱ्याची संमती लागते. विद्यापीठ स्वतः कारखाना चालवत नाही. त्यामुळे तुम्ही पेटंट फुकट वापराल आणि विद्यापीठाला ते तुमच्या संमतीशिवाय कुणाला देता येणार नाही. हे लक्षात आलं की त्यांचा विधी विभाग अडतो आणि ते योग्यच आहे.

लहान कंपनीला बहुतेक वेळा मालकीपेक्षा परवाना जास्त उपयोगी पडतो. मालकी संस्थेची, पण तुमच्या क्षेत्रापुरता (‘ग्रे आयर्न कास्टिंगसाठी कोअर’ इतका नेमका) काही वर्षांचा एकाधिकार परवाना तुमचा, रॉयल्टीची टक्केवारी आधीच ठरलेली. पेटंटची फी, उत्तरं, नूतनीकरण हा भारही मग संस्थेकडे राहू शकतो. अमुक वर्षांत तुम्ही वापर सुरू केला नाही तर एकाधिकार संपेल, अशी अट ते घालतील. मान्य करा, मुदत मात्र घासाघीस करून वाढवून घ्या.

*शोधकर्त्यांची नावं.* ज्याने शोधात बौद्धिक भर घातली त्याचं नाव अर्जात येतं, मग तो एमटेकचा विद्यार्थी का असेना. फक्त पैसे दिले म्हणून मॅनेजिंग डायरेक्टरचं नाव घालता येत नाही. विद्यार्थ्याकडून हक्क हस्तांतराचं पत्र सुरुवातीलाच घ्या. पदवीनंतर तो परदेशात गेला की एका सहीसाठी महिने जातात.

*प्रकाशन.* प्राध्यापकांना पेपर हवा असतो, विद्यार्थ्याला प्रबंध. ‘काहीही छापायचं नाही’ अशी अट घातलीत तर चांगला माणूस काम घेणारच नाही. चालणारा तोडगा असा: छापण्याच्या ३० दिवस आधी मसुदा तुम्हाला दाखवायचा, पेटंट अर्ज करायचा असेल तर तुम्ही आणखी ६० ते ९० दिवस थांबवू शकता, त्यापुढे नाही. पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या खुल्या संग्रहावर जातो, हे विसरू नका. पुरवठादाराची नावं, किमती, नेमकी रेसिपी त्यात ‘वाळू अ’, ‘रेझिन ब’ अशा सांकेतिक नावांनी जावी, असं करारातच लिहा.

आधी पोस्टर, मग पेटंट, हा सगळ्यात महागडा क्रम आहे. परिषदेत किंवा कॉलेजच्या प्रकल्प प्रदर्शनात शोध मांडला की त्याचं नावीन्य जाऊ शकतं. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती मोजक्याच प्रसंगांना लागू होते आणि युरोपात तिचा उपयोग नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, पेटंट अर्जाची ऑनलाइन फी शैक्षणिक संस्था आणि लघुउद्योगांसाठी १,६०० रुपये आहे. आधी तो भरा, मग पोस्टर लावा. त्यानंतर पूर्ण तपशीलपत्र १२ महिन्यांत द्यावं लागतं आणि परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत. परदेशी मूळ कंपनी असेल तर कलम ३९ पाहा: भारतात राहणाऱ्याला इथे अर्ज करून सहा आठवडे थांबल्याशिवाय किंवा परवानगी घेतल्याशिवाय बाहेर अर्ज करता येत नाही.

*थांबण्याची अट.* सहा महिन्यांनी मूळ कल्पनाच चुकीची निघाली तर काम कसं थांबवायचं? ६० दिवसांची सूचना, सहायकाचा तोवरचा पगार आणि झालेल्या कामाचा अहवाल इतकं लिहा. प्राध्यापक दुसऱ्या संस्थेत गेले तर काय, हेही.

करारासोबत लागणारी कागदपत्रं:

- कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी
- सही करणाऱ्याच्या अधिकाराचा संचालक मंडळाचा ठराव
- कामाचा तपशील, टप्पे आणि बजेट यांचं परिशिष्ट
- आधीपासूनच्या ज्ञानाची यादी
- दिलेल्या उपकरणांची आणि नमुन्यांची यादी
- विद्यार्थी-सहायकांची गोपनीयता आणि हक्क हस्तांतर पत्रं
- कारखान्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अपघात विमा

७. जीएसटी आणि टीडीएस

१० ऑक्टोबर २०२४ पासून, अनुदानाच्या रूपाने मिळालेल्या पैशातून होणाऱ्या संशोधन सेवेला काही संस्थांसाठी जीएसटीतून सूट आहे: सरकारी संस्था, तसंच १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित विद्यापीठं, कॉलेजं, संशोधन संस्था. कन्सल्टन्सीच्या बिलाला मात्र ती आपोआप लागू होत नाही. नुसता शब्द बदलून कन्सल्टन्सीला ‘ग्रँट’ म्हणणं हा धोका आहे. संस्थेला अधिसूचनेची प्रत मागा आणि तुमच्या सीएला दाखवा. जीएसटी भरावा लागलाच तर इनपुट क्रेडिट मिळतं का, तेही त्याच बैठकीत विचारा.

टीडीएस कापायचा की नाही, हे पहिला हप्ता देण्याआधी लेखी ठरवा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने जुन्या पत्रांतले कलम क्रमांक तसेच उतरवू नका.

८. काम सुरू झाल्यावर

कंपनीतला एक माणूस या प्रकल्पासाठी आठवड्याला किमान चार तास मोकळा ठेवा. नाव घेऊन, त्याच्या कामाच्या यादीत लिहून. असा माणूस नसेल तर सही करू नका. प्रकल्प बिघडण्याचं हे एकच कारण बाकी सगळ्यांपेक्षा मोठं आहे: नमुने वेळेवर जात नाहीत, प्रश्नांना उत्तर मिळत नाही, विद्यार्थी मग जे हाताशी आहे त्यावर प्रयोग करतो.

नमुन्यांचं उदाहरण घ्या. एका दिवशी ढिगातून भरलेली वाळूची गोणी तुमच्या कारखान्याबद्दल फारसं काही सांगत नाही. वेगवेगळ्या दिवशी, तिन्ही शिफ्टमधून, मिश्रणयंत्राच्या एकाच ठिकाणाहून घ्या; हवाबंद पिशवीत भरा; तारीख, शिफ्ट, ओलावा आणि त्या दिवशी कुठलं कास्टिंग चाललं होतं, ते लिहा. तितकीच वाळू तुमच्याकडेही राखून ठेवा. प्रयोगशाळेचा आकडा विचित्र आला तर तपासायला तीच उपयोगी पडते.

महिन्यातून एकदा अर्धा तास बैठक, एका पानाचा वृत्तांत. तीन महिन्यांनी प्राध्यापक आणि विद्यार्थी शॉपफ्लोअरवर यायलाच हवेत. हप्ते टप्प्यांना बांधा, पण टप्पा ‘अहवाल दिला’ असा नको. ‘२०, ३० आणि ४० टक्के मिश्रणांच्या ताकदीचे आणि वायूचे आकडे दिले’ असा हवा. ‘रिजेक्शन कमी झालं’ हाही टप्पा नको, कारण त्यावर संस्थेचं नियंत्रण नाही.

९. प्रयोगशाळेतून लाइनवर

प्रयोगशाळेत पाच किलोचं मिश्रण होतं, तुमच्याकडे अर्ध्या टनाचं. तिथे वाळू कोरडी आणि खोली बंद असते. कोल्ड बॉक्सच्या रेझिनला ओलावा चालत नाही. कोल्हापूरच्या जुलैत तयार कोअर रात्रभर उघडा राहिला तरी ताकद घटते. म्हणून जानेवारीतल्या ट्रायलवर निर्णय घेऊ नका. वेळापत्रकात एक पावसाळा बसवा.

ट्रायल छोट्या आणि कमी धोक्याच्या कास्टिंगवर सुरू करा, ग्राहकाच्या महत्त्वाच्या भागावर नको. प्रक्रिया बदलताना ग्राहकाची लेखी मंजुरी लागते का, ते आधी पाहा. वाहन उद्योगात ती सहसा लागते आणि तिलाच दोन-तीन महिने जातात. ट्रायलच्या दिवशी संशोधन सहायक हजर असावा आणि त्याच्या नोंदवहीत तारखेसह सगळे आकडे जावेत, फसलेल्या ट्रायलचेसुद्धा.

१०. प्रकल्प बंद करताना

सहायकाची नेमणूक संपण्याच्या एक महिना आधी या गोष्टी मागून घ्या: अंतिम अहवाल, मोजमापांच्या मूळ फायली (नुसते आलेख नकोत), नोंदवहीची प्रत, उरलेले नमुने, तुमची उपकरणं आणि खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र. शिल्लक रक्कम परत येणार की पुढच्या टप्प्यात वळवायची, हे लेखी घ्या. पेटंट अर्ज झाला असेल तर १२ महिन्यांची तारीख संस्थेसोबत तुमच्याही कॅलेंडरात टाका. आणि शेवटची बैठक तुमच्याच कारखान्यात ठेवा, कोअर शॉपच्या सुपरवायझरला बोलावून. उद्यापासून ते मिश्रण त्यालाच चालवायचं आहे आणि अहवालात नसलेले प्रश्न तोच विचारेल.